स्वतः शिकणाऱ्या पदार्थांवर दुसऱ्या शाखेतील संशोधकासोबत काम सुरू करताना आधी काय ठरवून घ्यावे?

पॉलिमर रसायनशास्त्रातील पीएचडी नुकतीच संपवून तुम्ही यंत्रशिक्षणाच्या एका गटासोबत काम सुरू करत आहात, आणि सहकारी कसा पारखावा व शोधनिबंधात पहिले नाव कोणाचे हे आधी कसे ठरवावे, असे विचारले आहे. पहिल्या नावाच्या बाबतीत माझ्याकडून निःपक्षपाती उत्तराची अपेक्षा ठेवू नका. त्याआधी ‘शिकणे’ या शब्दाचा अर्थ दोघांनी मिळून कागदावर उतरवा. द्रवस्फटिकी रेणू, म्हणजे द्रवासारखे वाहणारे पण स्फटिकासारखे एका दिशेत लागणारे रेणू, रबरासारख्या जाळ्यात गुंफले तर ते जाळे तापमानाबरोबर आकार बदलेल, हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी १९७५ मध्येच मांडले होते. पण शंभराव्या वेळीही पहिल्या वेळेसारखाच वाकणारा पदार्थ केवळ प्रतिसाद देतो, शिकत नाही. निधीच्या अर्जांत मात्र दोन्ही सर्रास एकाच नावाने खपवले जातात.

पोस्टडॉकच्या पहिल्या वर्षी मी अशाच एका पट्टीवर काम करत होते. फिनलंडमधील टाम्पेरे आणि आल्टो विद्यापीठांच्या गटांनी द्रवस्फटिकी जाळ्याच्या पट्टीला पाव्हलॉव्हच्या, आवाज ऐकताच अन्नाच्या अपेक्षेने लाळ गाळू लागलेल्या कुत्र्यासारखे ‘शिकवून’ दाखवले होते: सुरुवातीला पट्टी उष्णतेने वाकते, प्रकाशाने नाही, दोन्ही काही वेळा एकत्र दिले की पृष्ठभागावरचे रंगद्रव्य आत झिरपते आणि पुढे नुसत्या प्रकाशानेही ती वाकते. माझी पट्टीही दहा फेऱ्यांनंतर प्रकाशाने वाकली. तिची जाडी केसाहून कमी. दोन काचांमधून ती कोमट पाण्यात ब्लेडने सोलून काढताना श्वास रोखून धरावा लागे, आणि तिनांतली एक हमखास फाटे. बैठकीत मी मोठ्या अभिमानाने चित्रफीत दाखवली, तेव्हा संगणनाच्या बाजूचा माझ्याच वयाचा सहकारी म्हणाला, “प्रकाश न देता नुसती तापवून पाहिलीस का?”

दोन्ही मार्गदर्शक समोर बसले होते. मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिले आणि त्याच रात्री एक नवी पट्टी अंधारात दहा वेळा तापवून दिव्याखाली धरली. ती जवळजवळ तेवढीच वाकली. रंगद्रव्य उष्णतेनेच आत गेले होते. पट्टीने उष्णतेचा आणि प्रकाशाचा कसलाही संबंध जोडलेला नव्हता. नुसत्या उष्णतेने रंगद्रव्य हलू नये, पण त्याने शोषलेल्या प्रकाशाची जादा ऊब मिळाली की मात्र झिरपावे, असे तापमान शोधण्यात अडीच महिने आणि सत्तरच्या वर पट्ट्या गेल्या. त्या काळात हे सहकारी महाशय दर आठवड्याला आकडे कधी मिळतील एवढेच विचारत. त्यांच्या लेखी एक पट्टी म्हणजे तक्त्यातील एक ओळ, आणि अशा पाचशे ओळी त्यांना हव्या होत्या.

निबंध लिहिताना त्याने नावे आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावली. त्याचे आडनाव माझ्या आधी येते. ‘दोघांचा वाटा समान’ अशी तळटीप टाकून मार्गदर्शक मोकळे झाले, पण तळटीप कोण वाचतो? बैठकीत अडचणीचा प्रश्न विचारणे हे सहकाऱ्याचे कामच असते, त्यासाठी पहिले नाव मागायचे नसते, हे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. म्हणून नावांचा क्रम पहिला नमुना तयार होण्याआधीच ठरवा आणि दोन्ही मार्गदर्शकांना एकाच ईमेलने कळवा.

गणितात आणि सैद्धांतिक संगणनशास्त्रात वर्णानुक्रमाचीच रीत आहे, हे मला पुढे कळले; तेव्हा त्याने डाव साधला असे म्हणणे कदाचित अन्यायाचे होईल. शिवाय त्याने तो प्रश्न विचारला नसता तर एक खोटा दावा माझ्या नावाने छापला गेला असता, हेही नाकारता येत नाही.

राहिला सहकारी पारखण्याचा प्रश्न. त्याला किंवा तिला एक दिवस प्रयोगशाळेत बसवा. सध्याच्या प्रकल्पात मी पहिल्याच आठवड्यात संगणनाच्या बाजूच्या मुलीच्या हातात ब्लेड दिले. तिने ओळीने चार पट्ट्या फाडल्या, आणि पाचशेऐवजी साठ नमुन्यांत भागवता येईल असे संध्याकाळी तिनेच सुचवले. नावांचा क्रम मात्र आमचा अजून ठरलेला नाही.