जिप्सी पावसात घाटावर मिसिंग मारते. इरिडियम प्लग घालू का, की वायरी बदलू?

तुमची १९९७ ची कार्ब्युरेटरची जिप्सी एरवी नीट चालते, पण पावसाळ्यात वैभववाडीहून करूळ घाट चढताना मिसिंग मारते (मधेच एखादा सिलिंडर पेटत नाही आणि गाडी झटके देते) आणि गॅरेजवाला चारही प्लग इरिडियमचे घाला म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. उद्यमनगरात माझं गॅरेज आहे आणि दर पावसाळ्यात अशा गाड्या येतात, म्हणून स्पष्टच सांगतो: आधी प्लगला करंट पोचवणाऱ्या वायरी बदला. प्लग साधे कॉपरचे चालतील, फक्त नंबर बरोबर हवा.

सपाटीला गाडी गप्प आणि चढालाच का झटके देते, ते बघा. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि त्या दाबात ठिणगी पडायला कॉईलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. वायर जुनी, तडकलेली आणि वरून गगनबावड्याचा पाऊस. करंटला प्लगच्या गॅपमधून उडी मारण्यापेक्षा ओल्या रबरावरून बॉडीला जाणं सोपं पडतं, आणि तो सिलिंडर ठिणगीविना राहतो. नवा प्लग कितीही भारी असला तरी करंट त्याच्यापर्यंत पोचलाच नाही तर तो काय करणार?

खात्री करायची तर रात्री अंधारात बॉनेट उघडून गाडी चालू ठेवा आणि वायरींवर बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा. फॅनपासून हात लांब ठेवा, वायरीला हात लावू नका. जिथे गळती असेल तिथे निळ्या ठिणग्या चटचट उडताना दिसतील. मग गाडी बंद करून, इंजिन गार झाल्यावर एकेक प्लग काढून बघा. पांढऱ्या पोर्सेलिनवर वरून खाली पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर करंट तिथूनच पळतोय. ती रेघ पुसून भागत नाही. प्लगही बदला आणि त्यावरची वायरही, नाहीतर जुन्या बुटातला (वायरीच्या टोकाच्या रबरी टोपीतला) कार्बन नव्या प्लगवर तीच रेघ पुन्हा पाडतो.

प्लगचा नंबर गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. आत्ता लावलेल्या प्लगवरून घेऊ नका, आधीच्या कुणी चुकीचा घातला असू शकतो. एनजीकेचा बीपीआर६ईएस हे उदाहरण घ्या: बी म्हणजे १४ मिमीचा आटा, पी म्हणजे पुढे आलेलं टोक, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ म्हणजे उष्णतेचा नंबर आणि ई म्हणजे १९ मिमी लांबीचा आटा. इथे एक घोळ हमखास होतो. एनजीके आणि डेन्सोत आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, होत जातो, बॉशमध्ये (आपले जुने मिस्त्री अजून मायकोच म्हणतात) उलट, आकडा वाढला की गरम. म्हणून एनजीकेच्या ६ ला बॉशचा जोड ७ चा, डब्ल्यूआर७डीसी. नुसता आकडा जुळवून दुसऱ्या कंपनीचा प्लग घेऊ नका.

इरिडियम वाईट नाही. त्याचं टोक बारीक असल्याने ठिणगीला कमी व्होल्टेज लागतं आणि तो कॉपरच्या कितीतरी पट टिकतो. पण डिस्ट्रिब्यूटरच्या (चारही प्लगना आळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाच्या) जुन्या गाडीला मी तेवढा खर्च सुचवत नाही. त्या पैशात चांगला वायर सेट, डिस्ट्रिब्यूटरची कॅप आणि रोटर येतो, आणि पावसात खरा फरक त्यानेच पडतो. वायरी रेझिस्टन्सवाल्या, सिलिकॉनच्या घ्या. जुन्यांच्याच लांबीच्या, म्हणजे मॅनिफोल्डला टेकणार नाहीत. बदलताना एक काढायची, तिच्या जागी नवी लावायची, मगच दुसरी. सगळ्या एकदम ओढल्या की सिलिंडर पेटण्याचा १-३-४-२ चा क्रम लावत बसावं लागतं. आणि ओढायचं ते बुटाला धरून.

नकली प्लग बाजारात भरपूर आहेत. वॉशर बोटाने सहज निघून आला तर तो प्लग परत द्या. गॅप फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मॅन्युअलप्रमाणे तपासा, वाकवायची ती फक्त बाहेरची पट्टी. जिप्सीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, म्हणून प्लग आधी हातानेच पूर्ण बसवा आणि मग पान्याने साधारण अर्धा फेरा द्या. आटा गेला तर हेड उतरवायची वेळ येते.

भावाच्या डिझेल बोलेरोचंही विचारलंय तुम्ही. तिला स्पार्क प्लग नसतातच. डिझेल इंजिनात दिसतात ते हीटर प्लग, त्यांचं काम सकाळी गार इंजिन चालू होताना मदत करण्याचं. ती घाटात ओढत नसेल तर आधी डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बघायला सांगा.