मुंबईहून नाशिकला राहायला जाताय? भाड्यापलीकडचा हिशोब

नाशिकला घरभाडं एवढं कमी होतंय म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. मुलुंड सोडून नाशिकला आलो तेव्हा मीही नुसती भाड्याची वजाबाकी केली आणि लोकलचा पास साफ विसरलो! तिकडे महिन्याचा प्रवास काहीशे रुपयांत भागायचा. इथे लोकल नाही. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी म्हणजे दुचाकी हवीच, दोघं कमावते असाल तर दोन. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग सगळं धरा. नाशिकरोड स्टेशनही गावापासून लांब, म्हणजे मुंबईच्या प्रत्येक फेरीला रिक्षाचे पैसे वेगळे.

भाजी स्वस्त पडते, द्राक्षांचं तर विचारूच नका. पण पाकीटबंद किराणा, मोबाइल, इंटरनेट जवळपास तेवढंच.

आयकराच्या जुन्या करपद्धतीत असाल तर आणखी एक: घरभाडे भत्त्याच्या सवलतीची मर्यादा मुंबईत पगाराच्या ५० टक्के, नाशिकला ४०. इथे 'पगार' म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता.

गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि प्रत्येक खर्चापुढे नाशिकचा आकडा लिहा. घर विकत घ्यायची घाई मात्र नको, आधी अकरा महिन्यांचा करार करून राहा.