शिंकेसरशी लघवी, बांधलेलं पोट आणि दुखरा अंगठा : बाळंतिणींचे प्रश्न

प्रश्न : नॉर्मल बाळंतपणाला पाच महिने झाले. शिंकले, हसले की थेंबभर लघवी होते. सगळ्या म्हणतात, चालायचंच. नेटवर बघून रोज शंभर केगल (लघवी-शौच रोखून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम) करते, तरी फरक नाही.

हा त्रास पुष्कळ जणींना होतो, पण म्हणून तो सोसत बसायचं कारण नाही. योग्य व्यायामाने बहुतेकींचा त्रास कमी होतो. तुमचा आकडा मोठा आहे, अडचण बहुधा पद्धतीत असेल. बऱ्याच जणी श्वास कोंडतात, नितंब आवळतात किंवा वर ओढण्याऐवजी खाली कुंथतात. कुंथत केलेले शंभर केगल उलट नुकसानच करतात.

कुशीवर झोपा, गुडघे वाकवा. गॅस अडवताना आवळतो तसा गुदद्वाराचा भाग आवळा आणि ती ओढ पुढे, लघवीच्या जागेपर्यंत न्या. आरसा धरून पाहिलं तर योनी आणि गुदद्वारामधला भाग आत-वर जाताना दिसायला हवा. बाहेर फुगला, तर तुम्ही कुंथताय. पोट, मांड्या, नितंब ढिले, श्वास चालू.

आता किती सेकंद धरून ठेवता येतं ते मोजा. चार येत असतील तर चारच धरा, तेवढाच वेळ पूर्ण सोडा. असे आठ वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत वाढवा. प्रत्येक खेपेला शेवटी आठ-दहा झटपट आवळे जोडा, कारण शिंक काही सांगून येत नाही. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटताच आधी आवळा, मग शिंका. निदान तीन महिने नेमाने करा. आठवड्याभरात निकाल मागू नका.

लघवी करता करता मध्येच धार अडवण्याचा व्यायाम करू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. पाणी कमी पिऊ नका आणि बाहेर पडताना प्रत्येक वेळी ‘असू दे, जाऊन येऊ’ म्हणून लघवीला जाऊ नका. थोड्याशा लघवीलाही घाई व्हायची सवय लागते.

मात्र संबंधाच्या वेळी दुखत असेल, लघवी सुरू व्हायला वेळ लागत असेल, तर तुमचे स्नायू कमजोर नसून सतत ताठलेले असू शकतात. अशांनी केगल थांबवून फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावं. त्यांना आधी सोडायला शिकायचं असतं. खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटत असेल किंवा शौचावरही ताबा राहत नसेल, तरी लवकर दाखवा.

प्रश्न : सुनेचं सिझर होऊन बारा दिवस झाले. आमच्याकडे बाळंतिणीचं पोट सुती कापडाने घट्ट बांधतात, मालिश आणि शेक देतात. डॉक्टर नको म्हणाले. न बांधल्याने पोट सुटेल ना?

बांधल्याने पोट आत जात नाही, काकू. गरोदरपणात पोटाच्या मधोमधची पट्टी ताणली जाते आणि दोन्ही बाजूंचे उभे स्नायू एकमेकांपासून दूर जातात. ती पट्टी पुन्हा घट्ट होते ती काळाने आणि व्यायामाने. कचकून बांधलं की पोटातला दाब खाली जातो, आणि खालचे स्नायू आधीच नऊ महिने भार वाहून थकलेले असतात. सिझरनंतर चालताना आधार वाटावा म्हणून इलास्टिकचा पोटपट्टा काही आठवडे वापरायला हरकत नाही. आत हात सहज सरकेल इतपतच आवळा, आणि आडवं होताना काढा.

मालिश हवी तर हात, पाय, पाठ, खांदे. पोटावर नको. टाक्यांभोवतीची कातडी काही महिने बधिर असते, चटका लागला तरी कळत नाही. म्हणून तिथे शेगडीचा शेक अजिबात नको. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली तर मालिश न करता लगेच डॉक्टरांकडे न्या. ती रक्ताची गुठळी असू शकते. ताप, टाक्यांतून पू, अचानक वाढलेला रक्तस्राव, यांतही थांबू नका.

सूनबाईंनी उठताना सरळ उठू नये. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताने रेटा देत उठावं. खोकताना टाक्यांवर उशी दाबावी. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये, म्हणजे पाण्याची बादली नाही. सहा आठवड्यांनी जखम पूर्ण मिटली असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला, तर तेलाच्या बोटांनी व्रणावर वर-खाली, आडवं, गोल असं रोज पाच मिनिटं हलवावं, म्हणजे कातडी आत चिकटत नाही.

पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमधली फटही त्याच सुमारास तपासता येते. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून डोकं-खांदे किंचित उचलायचे आणि बेंबीशी, तिच्या वर आणि खाली बोटं आडवी ठेवायची. दोन बोटांपेक्षा जास्त फट असेल किंवा बोटं पार आत धसत असतील, तर व्यायाम शिकून घ्यावेत : श्वास सोडताना खालचं पोट हळूच आत घेणं, टाच घसरवत पाय लांब करणं, कंबर उचलणं. कोणताही व्यायाम करताना पोटाच्या मधोमध उंचवटा आला, तर तो अजून झेपत नाही असं समजा. सिट-अप्स बहुतेकदा याच परीक्षेत नापास होतात.

प्रश्न : सातवा महिना. जांघांच्या मध्ये, समोरच्या हाडावर कळ येते. जिना चढताना, कुशी बदलताना जास्त. आई म्हणते, खाली बसून फरशी पुसली की प्रसूती सोपी होते.

कटिसांध्यांवर, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या सांध्यांवर, असमान ताण आला की ही कळ येते. त्यावर मूळ तत्त्व एकच : दोन्ही पाय एकमेकांपासून लांब नेऊ नका. फरशी पुसताना नेमकं तेच होतं, तेव्हा सध्या ते राहू द्या. सलवार बसून घाला. कुशी बदलताना आणि रिक्षातून उतरताना गुडघे जोडून पूर्ण अंग एकदम वळवा. जिना एकेक पायरी, चढताना कमी दुखणारा पाय आधी. झोपताना गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत उशी. पट्टा वापरायचा तर पोटावर नव्हे, त्याखाली नितंबांच्या रुंद भागावर. मांडी घालून बसल्यावर दुखत असेल तर खुर्ची बरी. बसून, गुडघ्यांमध्ये उशी धरून ती पाच सेकंद हलकी दाबा, दहा वेळा. दुखलं तर सोडून द्या.

प्रश्न : बाळ दोन महिन्यांचं. उचलताना अंगठ्याच्या मुळाशी मनगट प्रचंड दुखतं.

अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे हळूच वाकवा. तिथेच कळ आली, तर अंगठ्याच्या दोऱ्यांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या टेंडनना) सूज असण्याची शक्यता मोठी. कारण म्हणजे अंगठे ताणून काखेतून बाळ उचलणं. एक हात ढुंगणाखाली, दुसरा मान-डोक्याखाली, अंगठे बोटांना चिकटलेले, असं तळहातांवर उचला. अंगठ्याला धरणारा स्प्लिंट मिळतो, तो दोन-तीन आठवडे वापरा. पाजताना बाळ उशीवर टेकवा. तरी कमी झालं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : धावायला कधी सुरुवात करू?

बारा आठवड्यांच्या आत नाही, सिझर असो वा नॉर्मल. त्यानंतर घरी पाहा : अर्धा तास भरभर चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, जागच्या जागी एक मिनिट जॉगिंग, एकेका पायावर दहा उड्या. यातल्या कशातही लघवी झाली, दुखलं किंवा खाली जड वाटलं, तर आणखी काही आठवडे चालणं आणि पहिल्या उत्तरातले आवळे. सगळं जमलं तर एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, अशी पंधरा मिनिटं, एक दिवसाआड. अंगावर पाजत असाल तर पाजून मगच निघा.