ब्लॉकिंग पॅड निवडताना: नव्याने एजिंग करणाऱ्यांसाठी

एजिंग म्हणजे चष्म्याची काच फ्रेमच्या आकारात घासणं. त्यासाठी काचेवर मशीनचा ब्लॉक (काच धरून ठेवणारा तुकडा) बसवतात, आणि तो चिकटवणारा दोन्ही बाजूंनी चिकट तुकडा म्हणजे ब्लॉकिंग पॅड. कुठल्या ब्रँडचा पॅड घ्यायचा, या वादात आत्ताच पडू नका. आधी काचेवर कोटिंग कोणतं आहे ते बघा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. साध्या हार्ड कोटवर (ओरखडे रोखणारा थर) कुठलाही बरा पॅड धरतो. पाणी न टिकणारं हायड्रोफोबिक कोटिंग असेल तर साधा पॅड एजिंगच्या जोरात सरकतो आणि अक्ष (सिलिंडर नंबरची दिशा) फिरतो. सिलिंडर (अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा नंबर) २.०० असेल तर ५ अंशांची चूकही ग्राहकाला जाणवते. अशा काचांसाठी खास हायड्रोफोबिकचा पॅड घ्या, नाहीतर आधी अँटी-स्लिप फिल्म लावून तिच्यावर पॅड लावा.

पॅडचा आकार ब्लॉकएवढाच हवा. बाहेर आलेली कड काच घासणाऱ्या व्हीलला लागते, फाटते. फ्रेम अरुंद असेल तर छोटा ब्लॉक आणि त्याचाच पॅड.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- काच नीट न पुसणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, पूर्ण सुकू द्या. पॉलिकार्बोनेटवर अ‍ॅसिटोन अजिबात नको, तडे जातात.
- चिकट बाजूला बोट लावणं. पॅड शेपटीलाच धरा.
- वापरलेला पॅड पुन्हा लावणं. ही काटकसर एका काचेच्या किमतीला पडते.
- पॅड सरळ ओढून काढणं. डीब्लॉकिंग पकडीने ब्लॉक फिरवून सोडवा. ओढलं तर कोटिंग उचकटू शकतं.

सरकतंय अशी शंका आली तर ब्लॉकच्या कडेवरून काचेवर मार्करने बारीक सलग रेघ ओढा. एजिंगनंतर रेघ तुटलेली दिसली, की पॅड बदला. मशीनमध्ये काच दाबून धरणाऱ्या क्लॅम्पचा दाब उगाच वाढवू नका, त्याने कोटिंगला बारीक चिरा पडतात.