चिप, कोड आणि बूच: उंची वाइन घेणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न (लंडन): ऑनलाइन फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइनची बारा बाटल्यांची पेटी घेतोय. विक्रेत्याने अठरा आकडी 'एल्विन' क्रमांक दिला आहे. माल अस्सल असल्याची ही खात्री समजायची का?

नाही. एल्विन ही लंडनच्या लिव्ह-एक्स या वाइन बाजाराने रूढ केलेली ओळखपद्धत आहे. पहिले सात आकडे उत्पादक आणि वाइन सांगतात, पुढचे चार आकडे द्राक्षांच्या हंगामाचं साल, त्यानंतरचे दोन पेटीतल्या बाटल्यांची संख्या आणि शेवटचे पाच बाटलीचं माप मिलिलिटरमध्ये. तुमच्या क्रमांकाच्या शेवटी १२००७५० असायला हवं. ०६०१५०० दिसलं तर त्या सहा मॅग्नम, म्हणजे दीड लिटरच्या बाटल्या आहेत. एकच नाव पाच तऱ्हांनी लिहिल्यामुळे होणारे घोळ या पद्धतीने कमी केले. पण त्या वाइनच्या, त्याच सालच्या आणि तशाच बांधणीच्या जगातल्या प्रत्येक पेटीचा हा क्रमांक एकच असतो. तुमच्या विशिष्ट पेटीबद्दल तो काहीच सांगत नाही.

ती माहिती गोदामाकडून मिळवा. पेटी बाँडेड (कर भरण्याआधी माल ठेवायच्या) गोदामात किती सालापासून आहे, मध्ये कधी बाहेर पडली होती का, आणि खरेदीनंतर ती तुमच्या नावे नोंदली जाईल की विक्रेत्याच्याच खात्यात राहील, हे लेखी घ्या. विक्रेता बुडाला तर या शेवटच्या मुद्द्यावरच सगळं अडतं. बाँडमध्ये असेपर्यंत ब्रिटनची ड्यूटी आणि २० टक्के व्हॅट भरावा लागत नाही. एकदा पेटी घरी नेली की पुढचा गिऱ्हाईक साठवणीबद्दल शंका घेणार आणि भाव पाडणार. छायाचित्रं आजच्या तारखेची मागा. दहा वर्षांच्या बोर्दोत वाइनची पातळी मानेतच हवी. तिशी ओलांडलेल्या बाटलीत ती खांद्याच्या वरच्या टोकापर्यंत उतरलेली असली तरी चालतं. कोवळ्या बाटलीत तेवढी उतरली असेल तर बूच गळतंय किंवा बाटली तापली आहे.

प्रश्न (मुंबई): बाटलीवरच्या चिपला फोन टेकवला की 'अस्सल' असं पान उघडतं. शिवाय ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवरच्या सामायिक नोंदवहीत) नोंद आहे म्हणतात. आता आणखी काय पाहायचं?

पान उघडणं हा पुरावा नव्हे. साध्या एनएफसी (फोन जवळ नेला की वाचली जाणाऱ्या) चिपमध्ये फक्त एक पत्ता साठवलेला असतो. तो वाचून दोन मिनिटांत दुसऱ्या चिपवर उतरवता येतो. चांगली चिप प्रत्येक स्पर्शाला नवा सांकेतिक मजकूर तयार करते आणि उत्पादकाचा सर्व्हर तो पडताळतो. म्हणून दोनदा फोन टेकवा आणि ब्राउझरमधला पूर्ण पत्ता ताडून पाहा. दोन्ही वेळा अक्षर न अक्षर तोच असेल तर चिप बहुधा साधी आहे. पत्त्यातलं संकेतस्थळ उत्पादकाचंच आहे ना, तेही बघा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे चिप कुठे बसवली आहे. लेबलाखाली असेल तर बाटली उघडून, हलक्या प्रतीची वाइन भरून, नवं बूच ठोकलं तरी ती 'अस्सल'च म्हणत राहील. काही चिपांना एक बारीक तार जोडलेली असते; ती बुचावरून जाते आणि बाटली उघडताना तुटते, मग चिप स्वतःच तसं कळवते. धातूच्या टोपणाजवळ एनएफसी नीट वाचली जात नाही, म्हणून तिथे फेराइट या चुंबकीय पदार्थाचा थर द्यावा लागतो. खर्च वाढतो, आणि बरेच उत्पादक इथेच हात आखडता घेतात. बोर्दोच्या शातो लाफित या उत्पादकाच्या बाटल्यांवर टोपण आणि काच यांना जोडणारी बुडबुड्यांची मोहर असते. पारदर्शक थरातल्या बुडबुड्यांची रचना प्रत्येक मोहरेत वेगळी असते, ती संकेतस्थळावरच्या चित्राशी ताडायची. आम्हाला हा उपाय फार आवडतो, कारण पडताळणी स्वतःच्या डोळ्यांनी करता येते.

ब्लॉकचेनबद्दल थोडक्यात: तिथली नोंद नंतर बदलता येत नाही, पण पहिली नोंद कोणीतरी माणूसच करतो. ती उत्पादकाच्या दारातच झाली असेल तर उपयोगाची. वीस वर्षं कुठेकुठे फिरलेल्या बाटलीची नोंद काल झाली असेल तर तिला किंमत देऊ नका.

प्रश्न (पुणे): १९३४ सालची म्हणून एक बाटली लिलावात येते आहे. न उघडता तिचं वय तपासता येतं असं वाचलं. खरं आहे?

अर्धं खरं आहे. सीझियम-१३७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य निसर्गात नव्हतं, ते अणुस्फोटांतून हवेत पसरलं. बोर्दोचे भौतिकशास्त्रज्ञ फिलिप ह्युबेर यांनी शिशाच्या कवचातल्या जर्मेनियम शोधकासमोर बाटली ठेवून, काचेतूनच त्याची गॅमा किरणं मोजण्याची पद्धत बसवली. १९४५च्या आधी बाटलीबंद झालेल्या वाइनमध्ये ते नसायला हवं. पण ते सापडलं नाही म्हणून १९३४ सिद्ध होत नाही. वाइन १९२० ची किंवा १८७० चीही असू शकते. उलट ते सापडलं तरी लबाडी ठरत नाही, कारण जुन्या बाटल्यांना नवं बूच लावताना त्यात नंतरच्या सालची थोडी वाइन भरण्याची पद्धत होती. अशा वेळी बुचावर किंवा लेबलावर तशी नोंद शोधा.

यंत्राकडे जाण्याआधी इतिहास वाचा. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात दोमेन पोंसो या फ्रान्समधल्या बर्गंडीच्या उत्पादक घराण्याच्या 'क्लो सँ-दनी' वाइनच्या १९४५ ते १९७१ या सालांच्या बाटल्या आल्या होत्या. त्या घराण्यातल्या लोरां पोंसो यांनी त्या मागे घ्यायला लावल्या, कारण त्यांच्या घराण्याने ही वाइन १९८० च्या दशकाआधी केलीच नव्हती. तो माल बनावट वाइन विकणाऱ्या रुडी कुर्नियावानचा होता; २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

प्रश्न (पणजी): रेस्टॉरंटमध्ये महाग वाइन ग्लासावर विकण्यासाठी कोराव्हिन हे बूच न काढता वाइन ओतणारं यंत्र घेतलं. काही बाटल्या महिनाभर उत्तम राहतात, काही आठवड्यात आंबूस होतात. का?

पहिला संशय बुचावर. कोराव्हिनची पोकळ सुई बुचातून आत जाते, आर्गॉन वायू भरतो, त्या दाबाने वाइन बाहेर येते आणि सुई काढल्यावर नैसर्गिक बूच फुगून भोक बुजवतं. कृत्रिम बूच तसं फुगत नाही, हवा आत शिरतच राहते. टोपणावरून बूच ओळखू येत नाही, म्हणून प्रत्येक वाइनचं बूच कशाचं आहे ते पुरवठादाराला विचारून यादीत लिहून ठेवा. नामांकित घरंही कृत्रिम बूच वापरतात, तेव्हा किमतीवरून अंदाज बांधू नका.

दुसरा संशय सवयीवर. सुई टोचण्याआधी यंत्राचा घोडा (ट्रिगर) क्षणभर दाबून तिच्यातली हवा बाहेर काढायची. सुई बुचाच्या मधोमध घालायची. बाटली कलती करून घोडा थोडा थोडा दाबायचा; धरून ठेवला तर वायू नुसता वाया जातो. ओतून झाल्यावर बाटली आधी उभी करायची, मग सुई काढायची आणि पाचेक मिनिटं तशीच उभी ठेवायची. लगेच आडवी केली तर भोकातून वाइन पाझरते. रात्री सुई आणि नळी कोमट पाण्याने धुवा. आतला शिळा थेंब दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या ग्लासात उतरतो. तुमचा आंबूसपणा पहिल्याच ग्लासात येत असेल तर कारण बहुधा हेच.

आर्गॉनच्या एका कॅप्सूलमध्ये १५० मिलिलिटरचे साधारण पंधरा ग्लास निघतात. बाटली जितकी रिकामी, तितका वायू जास्त लागतो, म्हणून शेवटचे दोन ग्लास त्याच संध्याकाळी विकून टाका. सोड्यासाठीच्या कार्बन डायऑक्साइडच्या किंवा क्रीमसाठीच्या नायट्रस ऑक्साइडच्या नळकांड्या लावू नका, ते वायू वाइनमध्ये विरघळतात. तडा किंवा टवका गेलेली बाटली दाबाखाली फुटते. २०१४ मध्ये अशा घटनांमुळे कंपनीने विक्री थांबवून संरक्षक पिशव्या वाटल्या होत्या. ती पिशवी नेहमी वापरा. फसफसणाऱ्या वाइनला हे यंत्र चालत नाही, तिच्यासाठीचं वेगळं मिळतं.

प्रश्न (नागपूर): चोवीस बाटल्यांचं छोटं वाइन कॅबिनेट घेतलं. पडद्यावर १४ अंश दिसतात, पण मे महिन्यात दोन बुचं वर आली.

बाटल्या तापल्या आहेत. छोटी कॅबिनेटं बऱ्याचदा थर्मोइलेक्ट्रिक असतात, त्यात कॉम्प्रेसर नसतो. खोलीपेक्षा दहा-पंधरा अंश खाली जाणं एवढीच त्यांची ताकद. खोली ४० अंशांवर गेली की आत २५च्या वर. पडद्यावरचा आकडा बऱ्याचदा तुम्ही ठरवलेला असतो, आत मोजलेला नसतो. रिकाम्या बाटलीत पाणी भरा, तापमान नोंदवणाऱ्या लॉगरची तार तिच्या तोंडातून आत सोडा आणि बाटली सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा. दर पंधरा मिनिटांनी नोंद, आठ दिवस. हवेतला आकडा यंत्र चालू-बंद होताना वरखाली होतो, पाण्यातला वाइनची खरी अवस्था सांगतो. विदर्भात कॉम्प्रेसरवालंच कॅबिनेट घ्या, मागे चार बोटं जागा सोडा आणि १२ ते १४ अंशांवर ठेवा. बुचं वर आलेल्या दोन बाटल्या या महिन्यात पिऊन टाका.

प्रश्न (सिंगापूर): निर्देशांकानुसार माझ्या पेटीचा भाव दिसतो, पण तेवढ्याला कोणी घेत नाही.

लिव्ह-एक्स १०० सारखा निर्देशांक सर्वांत वरची बोली आणि सर्वांत खालची विक्रीची मागणी यांच्या मधला आकडा धरतो. तुम्हाला मात्र बोलीच मिळते, आणि तीही दलाली वजा जाऊन. २०२२ नंतर बाजार उतरला तेव्हा अनेक वाइनसाठी बोलीच विरळ झाल्या. विकायच्या आधी ॲपमधला आलेख बाजूला ठेवून तुमच्या वाइनसाठी आज प्रत्यक्ष बोली किती आहेत आणि शेवटचा सौदा कोणत्या तारखेचा आहे, ते विचारा. सौदा आठ महिन्यांपूर्वीचा असेल तर तो भाव आजचा धरू नका.