सेल्फ जोरात फिरतो, तरी इंजिन उशिरा सुरू होते

प्रश्न : माझी पेट्रोल-सीएनजी गाडी 9 वर्षांची आहे. थंडी पडल्यापासून सकाळी इंजिन लवकर सुरू होत नाही. सेल्फ जोरात फिरतो, पण बराच वेळ मारत राहावे लागते. दुपारी तीच गाडी एका झटक्यात सुरू होते. गॅरेजच्या सल्ल्याने नवी बॅटरी बसवली, फरक पडला नाही. आता सेल्फ बदलायला सांगत आहेत. बदलावा का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : इतक्यात बदलू नये. सेल्फ जोरात फिरतो, असे आपणच लिहिले आहे आणि निदानाच्या दृष्टीने पत्रातील तेवढे एक वाक्य सर्वांत मोलाचे आहे. इंजिन रेंगाळत फिरत असेल तर दोष बॅटरी, टर्मिनल, अर्थिंगची वायर किंवा सेल्फ यांत शोधायचा असतो. ते नेहमीच्या वेगाने फिरूनही पेट घेत नसेल तर शोध इंधन, ठिणगी आणि सेन्सर यांच्याकडे वळवावा लागतो. गॅरेजवाल्यांचा पहिला संशय अगदीच निराधार होता, असे नाही. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांखाली उतरतो, तेव्हा बॅटरीची ताकद घटते आणि ऑइलही घट्ट होते. मात्र नवी बॅटरी विकण्यापूर्वी जुनीवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजण्याचे यंत्र) लावून पाहायला हवा होता.

आपल्या गाडीत रात्रभरात इंधनाचा दाब उतरत असावा, असे वाटते. टाकीतल्या पंपाला एक झडप असते. इंजिन बंद झाल्यावरही ती पाइपमधला दाब धरून ठेवते. ती गळू लागली की पेट्रोल हळूहळू टाकीत परतते आणि सकाळी दाब पुन्हा तयार होईपर्यंत सेल्फ मारत राहावे लागते. दोन-चार तासांत दाब पूर्ण उतरत नाही, म्हणून दुपारी तक्रार नसते. सीएनजीच्या बहुतेक गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, त्यामुळे रोज गॅसवर धावणाऱ्या गाडीतही हा दोष सकाळी जाणवतो. त्यातच अनेक जण टाकीत जेमतेम पेट्रोल ठेवतात. पंपाला गारवा त्या पेट्रोलचाच मिळतो, शिवाय महिनोन्‌महिने पडून राहिलेले पेट्रोल चटकन पेटत नाही.

ही शंका घरच्या घरी तपासता येते. सकाळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, सेल्फ न मारता चावी फक्त ‘ऑन’ करावी. मागच्या सीटच्या बाजूने पंपाची घरघर साधारण दोन सेकंद ऐकू येते आणि थांबते. चावी बंद करून असे आणखी दोन-तीनदा करावे आणि मगच सेल्फ मारावा. इंजिन लगेच लागले तर दाब उतरतो, हे जवळपास नक्की झाले. सुरू होताना क्षणभर काळा धूर, पेट्रोलचा वास आणि खडखडाट जाणवला, तर मात्र गळती पंपाच्या झडपेपेक्षा इंजेक्टरमधून (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळीतून) असण्याची शक्यता जास्त. गॅसचा वास येत असल्यास यातला कोणताही प्रयोग करू नये.

चावीच्या प्रयोगाने काहीच फरक पडला नाही, तर गॅरेजमध्ये स्कॅनर (सेन्सरचे आकडे वाचणारे यंत्र) लावून इंजिन थंड असताना कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमानाचा आकडा पाहावा. बाहेर 12 अंश असताना तो 60 दाखवत असेल, तर इंजिन गरम असल्याच्या समजुतीने ईसीयू (इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक) पेट्रोल कमी सोडतो आणि थंड इंजिन अडते. असा चुकीचा आकडा देणारा तापमानाचा सेन्सर स्वस्त असतो. स्पार्क प्लगही याच फेरीत काढून पाहावेत.

ज्यांचा सेल्फ खरोखरच रेंगाळतो, त्यांच्यासाठी थोडक्यात: रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट दिसावेत आणि सेल्फ मारताना आकडा साधारण 9.6च्या खाली जाऊ नये. बॅटरी ठीक असेल तर मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा आला, तर अर्थिंगच्या वायरचा बोल्ट गंजलेला किंवा सैल आहे. तो घासून घट्ट केला की पुष्कळदा भागते. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे.

आपण गॅरेजमध्ये इंधनाच्या दाबाचा गेज लावून घेण्याचा आग्रह धरावा. इंजिन बंद केल्यावर काटा किती वेळात खाली येतो ते समोर उभे राहून पाहावे आणि पंप बदलायचा की इंजेक्टर, ते त्यानंतरच ठरवावे. इंधनाचा पाइप दाबाखाली असतो, तो घरी सोडू नये.