मुलीच्या कारखान्यातले राजकारण आणि वडिलांचा फोन

निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागायतदार वडिलांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी मेकॅनिकल पदविका पूर्ण करून गेल्या सात महिन्यांपासून अंबड औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात प्रशिक्षणार्थी म्हणून काम करते आणि मैत्रिणींसोबत पाथर्डी फाट्याजवळ खोली घेऊन राहते. तिने अडवलेला माल प्रॉडक्शनच्या सुपरवायझरने परस्पर पाठवून दिला, तो ग्राहकाकडून परत आला आणि बैठकीत ठपका मात्र तिच्यावर ठेवला गेला. तिने तयार केलेला अहवाल एका ज्येष्ठ सहकाऱ्याने स्वतःच्या नावावर खपवला. आता चहाच्या वेळी तिला कोणी हाकही मारत नाही. ‘तिथे दोन गट आहेत आणि ती कोणातच नाही. मी तिच्या मॅनेजरला फोन करू का, की तिला राजीनामा द्यायला लावून एमपीएससीला बसवू?’ असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे. मॅनेजरांना फोन करू नका. आपली तळमळ मला समजते, पण ज्या प्रशिक्षणार्थीच्या घरून फोन येतो तिची ओळख त्या दिवसापासून तेवढीच उरते, आणि पुढे तिने कितीही रास्त आक्षेप घेतला तरी त्याकडे लाडावलेल्या मुलीची कुरकुर म्हणून पाहिले जाते. मॅनेजर फोनवर गोड बोलतील, ‘काळजी करू नका काका, आम्ही आहोत ना’ म्हणतील आणि पुढच्या जबाबदारीच्या कामातून तिला अलगद बाजूला ठेवतील. शिवाय नाशिकचे औद्योगिक वर्तुळ फार मोठे नाही. सातपूर, अंबड, सिन्नर आणि गोंदे येथील माणसे नोकऱ्या बदलत एकमेकांच्याच कारखान्यांत फिरत असतात, त्यामुळे आज ज्याच्याशी भांडण झाले तोच माणूस चार वर्षांनी मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेला दिसू शकतो.

आता मूळ विषयाकडे येतो. आपण तीन घटना लिहिल्या आहेत आणि तिन्हींना राजकारण हा एकच शब्द वापरला आहे. माझ्या मते त्यांतली पहिली घटना राजकारणाची कमी आणि खुर्च्यांच्या रचनेची जास्त आहे, दुसरी खरोखरच अन्यायाची आहे, आणि तिसरीत थोडा दोष आपल्या मुलीकडेही असण्याची शक्यता आहे.

पहिली घटना आपल्याला माझ्यापेक्षा लवकर कळेल. निर्यातीच्या वेळी बागेत माल उतरवताना रिंग लावून मण्याची जाडी पाहणारा आणि बारीक मण्यांचे घड बाजूला काढणारा माणूस आठवा. आपल्याला बाग खाली करायची असते, व्यापाऱ्याला कंटेनर वेळेत भरायचा असतो, आणि हा मात्र घडामागून घड क्रेटबाहेर ठेवत जातो. त्या क्षणी तो आपल्याला शत्रू वाटतो, पण तो आपल्या विरोधात राजकारण करत नसतो. तेच त्याचे काम असते. कारखान्यात आपल्या मुलीची जागा नेमकी त्या माणसाची आहे. प्रॉडक्शनच्या सुपरवायझरला रोज ठरलेले नग काढून द्यावे लागतात आणि संध्याकाळी त्याला आकडा विचारला जातो. गुणवत्ता विभागाला माल परत आल्यावर जाब विचारला जातो. या दोन खुर्च्यांवर दोन सख्खे भाऊ बसवले तरी आठवड्यातून एकदा त्यांची वादावादी होईल. हे तिला कोणी समजावून सांगितलेले दिसत नाही, म्हणून प्रत्येक वाद तिला स्वतःवरचा हल्ला वाटतो.

परंतु वाद स्वाभाविक आहे म्हणून ठपका स्वीकारावा, असा याचा अर्थ नाही. वाहन उद्योगाला माल पुरवणारे बहुतेक कारखाने आयएटीएफ १६९४९ या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या गुणवत्ता मानकानुसार चालतात आणि त्याचे प्रमाणपत्र अनेकदा स्वागतकक्षाच्या भिंतीवरच लावलेले असते. मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना, दोष आढळल्यास, माल पाठवणे आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार असलाच पाहिजे, असे हे मानक सांगते. मंजूर मोजमापात न बसणारा माल तसाच पुढे पाठवायचा असेल तर त्यासाठी ग्राहकाची आधी परवानगी घ्यावी लागते, जिला कारखान्यात ‘डेव्हिएशन’ म्हणतात. म्हणजे माल अडवताना आपली मुलगी आगाऊपणा करत नव्हती, तर व्यवस्थेने दिलेले कामच करत होती. आता प्रश्न एवढाच उरतो की तिने माल अडवला होता याचा कागद कुठे आहे?

आपल्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा वाचले: ‘तिने सुपरवायझरला तोंडी स्पष्ट सांगितले होते.’ सगळा घोटाळा त्या ‘तोंडी’ या शब्दात आहे. तोंडी सांगितलेले बैठकीपर्यंत टिकत नाही. तिथे ज्याचा आवाज मोठा आणि नोकरी जुनी त्याचीच आठवण खरी ठरते. भोक तपासण्याच्या गेजची (मापाच्या दांडीची) ‘नो-गो’ बाजू, म्हणजे जी भोकात जाऊच नये ती, भोकात जाऊ लागली की तिने त्या लॉटला, म्हणजे एका खेपेच्या मालाला, अडवल्याची खूण असलेला लाल टॅग लावावा आणि शिफ्टच्या हँडओव्हर रजिस्टरमध्ये दोन ओळी लिहाव्यात: ‘दुसरी शिफ्ट. तपासलेल्या ५० नगांपैकी ६ नगांचे भोक वरच्या मर्यादेबाहेर. लॉट होल्ड, लाल टॅग लावला. रात्री ९.४० वाजता लाइन सुपरवायझर यांना कळवले.’ खाली स्वतःची सही करावी आणि शक्य असेल तर पुढच्या शिफ्टच्या माणसाची घ्यावी. या नोंदीत कोणाची तक्रार नसावी, विशेषण नसावे, ‘वारंवार सांगूनही’ असले शब्दही नसावेत. केवळ नग, माप आणि वेळ असावी. अशी नोंद असताना टॅग काढून माल पाठवायचा असेल तर पाठवणाऱ्यालाही कुठेतरी सही करावी लागते, आणि सही करायची वेळ आली की बरीच माणसे विचार बदलतात.

लेखी नोंदीचा अतिरेकही घातक ठरतो, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला होतो. तिथे एकदा असाच दोषी माल पुढे गेल्यावर मी संतापाच्या भरात सविस्तर ईमेल लिहिला आणि त्याची प्रत थेट प्लांट हेडपासून खरेदी विभागापर्यंत सगळ्यांना पाठवली. त्यातले प्रत्येक वाक्य खरे होते. परिणाम असा झाला की माझा स्वतःचा विभागप्रमुख, जो तोवर माझ्या बाजूचा होता, दुखावला गेला, कारण त्याच्या विभागातली गोष्ट त्याला इतरांबरोबरच कळली. पुढचे कित्येक महिने मला कोणी काही बोलले नाही आणि कोणी काही सांगितलेही नाही. म्हणून आपल्या मुलीला सांगा की रजिस्टरमध्ये नोंद रोज करावी, ईमेल क्वचित करावा आणि तोही आपल्या थेट वरिष्ठालाच करावा. त्यांच्या डोक्यावरून जाणारी प्रत हे शेवटचे शस्त्र आहे. सातव्या महिन्यात ते बाहेर काढू नये.

अहवालाची घटना वेगळी आहे, तिथे आपला राग रास्त आहे. ग्राहकाची तक्रार आली की कारखान्यात ‘एट-डी’ नावाचा अहवाल तयार होतो, ज्यात दोष काय, तात्पुरता उपाय काय केला, मूळ कारण कोणते आणि ते पुन्हा घडू नये म्हणून काय बदलले, हे टप्प्याटप्प्याने लिहायचे असते. या अहवालाच्या पहिल्याच टप्प्यात काम करणाऱ्या चमूची नावे लिहावी लागतात. पुढच्या वेळी अहवालाचा कोरा तक्ता उघडतानाच तिने तिथे स्वतःचे आणि त्या ज्येष्ठांचे अशी दोन्ही नावे लिहावीत. नंतर नाव घालायला सांगणे म्हणजे भांडण होते, आधीच लिहिलेले नाव खोडणे मात्र कोणालाही अवघड जाते. काम अर्धे झाल्यावर ‘सर, मूळ कारणापर्यंतचा भाग मी तयार केला आहे, एकदा पाहून सुचवाल का’ असे दोन ओळींचे टिपण वरिष्ठांना पाठवावे. यात कोणाविरुद्ध काही नाही, पण काम कोणाच्या हातचे आहे हे वेळेवर कळते. घडून गेलेल्या अहवालाबद्दल मात्र आता काही करू नये. ते सिद्ध करण्यात जो वेळ आणि जी पत जाईल ती तिला परवडणारी नाही.

चहाचा विषय किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. आपण लिहिता की ती सुट्टीत जागेवरच बसून डबा खाते, कारण ‘तिला गप्पाटप्पा आवडत नाहीत’. कोणत्याही गटात नसणे चांगले, परंतु कोणाशीच न बोलणे म्हणजे तटस्थपणा नव्हे. बोलणे नसलेल्या माणसाबद्दल दोन्ही गट आपापल्या सोयीचा समज करून घेतात. तिने प्रॉडक्शनच्या लोकांशी कामाबाहेरचे चार शब्द बोलावेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मशीनवर उभ्या असलेल्या जुन्या ऑपरेटरजवळ रोज दहा मिनिटे थांबावे. वीस-पंचवीस वर्षे एकच मशीन चालवलेला माणूस नुसत्या आवाजावरून सांगतो की टूल झिजले आहे आणि आता माप सुटणार. असा एक काका तिच्या ओळखीचा झाला तर खराब नग मोजण्याची वेळ येण्याआधीच तिला खबर मिळेल, आणि सुपरवायझरला अडवण्याऐवजी ‘साहेब, टूल बदलून घेऊ या का’ असे विचारता येईल. या एका वाक्याने जेवढे वैर मिटते तेवढे कोणत्याही खुलाशाने मिटत नाही. चहाच्या टेबलावर तिसऱ्याविषयी बोलणे निघाले तर मात्र ग्लास धुवायला उठावे. तिथली वाक्ये संध्याकाळपर्यंत गेटपाशी पोहोचलेली असतात.

एक सीमा मात्र स्पष्ट ठेवा. लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी, नको असलेले मेसेज किंवा शिफ्ट सोयीची देण्याच्या बदल्यात काही सुचवणे यांपैकी काहीही घडत असेल तर ते राजकारण नव्हे आणि तिथे वर लिहिलेला सबुरीचा सल्ला लागू होत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. तिला हे एकदा शांतपणे, आईकरवी विचारून घ्या. आपल्या पत्रात तसे काही सूचित होत नाही, पण मुली अनेकदा वडिलांना सगळे सांगत नाहीत.

एमपीएससीबद्दल थोडक्यात लिहितो. राज्यसेवेसाठी पदवी लागते, त्यामुळे केवळ पदविकेवर ती आज त्या परीक्षेला बसूच शकत नाही. मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली असून नऊ पेपरांची आणि १७५० गुणांची आहे. कारखान्यातल्या एका सुपरवायझरला कंटाळून त्या परीक्षेकडे वळणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. सरकारी कार्यालयांत बदल्या आणि टेबले यांवरून काय चालते हे तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या मारलेल्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. तिला खरोखरच त्या वाटेने जायचे असेल तर नोकरी सांभाळून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येईल. अभियांत्रिकीतच पुढे जायचे असेल तर पदविकेनंतर थेट द्वितीय वर्षाला प्रवेश मिळतो. दोन्हींपैकी काहीही करायचे असले तरी एक वर्षाचा पूर्ण अनुभव आणि त्याचे पत्र हातात असलेले बरे.

नोकरी सोडण्याची वेळ कधीच येऊ नये, असे मी म्हणत नाही. होल्ड केलेल्या मालावर तिने न केलेल्या तपासणीची सही तिच्याकडून मागितली जात असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये. खोटी सही तिच्या नावावर राहते आणि ग्राहकाच्या तपासणीत तीच आधी उघडी पडते. तसे नसेल तर तिने तिथेच राहून पुढचे पाच महिने वरच्या पद्धतीने काम करून पाहावे, दरम्यान दुसरीकडे अर्ज करायलाही हरकत नाही.

येत्या सुट्टीला ती घरी आली की कंपनीचा विषय आपण होऊन काढू नका. जेवण झाल्यावर तिला नियुक्तिपत्र तेवढे मागा आणि त्यातल्या दोन गोष्टी दोघांनी मिळून वाचा: प्रशिक्षणाचा कालावधी कोणत्या तारखेला संपतो आणि राजीनाम्यासाठी किती दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. त्या तारखेच्या महिनाभर आधी तिने स्वतः वरिष्ठांकडे वेळ मागून आपल्या कामाबद्दल बोलावे. काय बोलायचे ते लिहून काढायला तिला अडचण आली तर तिने मला पत्र पाठवावे. या वेळी आपण नव्हे, तिने लिहावे.